गडावरचा टॉवर, छपरावरची अँटेना

दूरदर्शनचं हवेतून येणारं ॲनालॉग प्रक्षेपण भारतात नेमकं कधी संपलं, असं कोणी विचारलं तर एक तारीख सांगता येत नाही. अमेरिकेला सांगता येते: १२ जून २००९. जपानला सांगता येते: २४ जुलै २०११. त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना त्यांनी मार्च २०१२ पर्यंत मुदत वाढवून दिली, एवढाच अपवाद. आपल्याकडे प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये वेळापत्रक जाहीर केलं, तेव्हा सुमारे ७० टक्के ॲनालॉग ट्रान्समीटर आधीच बंद झालेले होते. उरलेल्यांपैकी १५२ त्या ऑक्टोबरअखेर, १०९ डिसेंबरअखेर आणि १५१ मार्च २०२२ अखेर बंद करायचे ठरले. मोक्याच्या जागांवरचे पन्नासेक तेवढे ठेवायचे होते.

साताऱ्यात मी आयुष्यभर टीव्ही दुरुस्तीचं आणि अँटेना बसवण्याचं काम केलं. त्या कामाच्या आधाराने सांगतो, की ॲनालॉगकडून डिजिटलकडे जाणं आपल्याकडे छपरांवर घडलं. एकेका घराची अँटेना उतरत गेली, तिच्या जागी केबल आली, मग डिश आली. हे वीसेक वर्षं चाललं होतं आणि सरकारी वेळापत्रक सर्वांत शेवटी आलं. प्रेक्षक आधी गेला, ट्रान्समीटर मागाहून थांबला. शिड्या लावून पत्र्यावर चढणाऱ्या माणसांच्या हातून हे स्थित्यंतर झालं. त्यांची नोंद कागदोपत्री कुठे होत नाही, म्हणून ती इथे करतो.

सुरुवात गडापासून करावी लागते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. मुंबई केंद्र त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीत सुरू झालं. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की त्याच्या मागे सावली पडते. मुंबईचं प्रक्षेपण सह्याद्री ओलांडून देशावर येईना, म्हणून १९७३ साली पुण्यासाठी सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा तो माथा. ज्या कारणासाठी तिथे गड बांधला गेला, त्याच कारणासाठी तिथे टॉवर गेला: चारी बाजूंचा मुलूख तिथून दिसतो. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर टॉवर चढला तोही याच कारणाने. औरंगाबादकरांचा टॉवर म्हैसमाळच्या डोंगरावर आहे. महाराष्ट्रात टीव्हीचा नकाशा काढायला बसलं तर आधी डोंगर काढावे लागतात.

सातारा सिंहगडापासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मध्ये मांढरदेव, पांडवगडाची रांग. त्यामुळे १९७०च्या दशकाच्या शेवटी साताऱ्यात टीव्ही घेणं हे हिमतीचं काम होतं. शटरचा ब्लॅक अँड व्हाइट संच घ्यायचा, टपाल कार्यालयात जाऊन त्याचं लायसन्स काढायचं, दरवर्षी पैसे भरून ते नवं करायचं, आणि एवढं करून चित्र येईल की नाही याची खात्री कोणी द्यायची नाही. लायसन्सची भानगड १९८०च्या दशकाच्या मध्यात मिटली. चित्राचा प्रश्न मात्र आम्हा अँटेनावाल्यांच्या गळ्यात होता.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे यागी अँटेना. यागी आणि उडा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी ती १९२६ च्या सुमारास शोधली. आडव्या नळीवर ओळीने लावलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या. मागे सगळ्यांत लांब काडी, ती रिफ्लेक्टर. तिच्यापुढे दोन्ही टोकं वळवून जोडलेला डायपोल, त्याला वायर. त्याच्यापुढे क्रमाने थोड्या थोड्या आखूड होत जाणाऱ्या काड्या, त्या डायरेक्टर. काडीची लांबी चॅनलवर ठरते. दूरदर्शनचा खालचा पट्टा ४७ ते ६८ मेगाहर्ट्झचा. त्यातल्या चॅनलला डायपोल सव्वादोन ते तीन मीटर लांब लागतो. वरचा पट्टा १७४ ते २३० मेगाहर्ट्झचा. तिथे पाऊण मीटरमध्ये भागतं. कोणाच्या छपरावर केवढ्या काड्या आहेत हे रस्त्यावरून पाहिलं तरी ते घर कुठलं केंद्र पकडायला बघतंय याचा अंदाज यायचा.

सिंहगडासाठी वीस फुटी जीआय पाइपवर दुसरा पाइप जोडून अँटेना वर चढवायची. तीन बाजूंना तारेचे ताण द्यायचे. ताण सैल राहिला तर ज्येष्ठाच्या वाऱ्यात अँटेना फिरते आणि गिऱ्हाईक पावसात दारात उभं राहतं. अँटेनाचं तोंड उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे ठेवायचं. चपटी वायर भिंतीला चिकटू द्यायची नाही, लोखंडी पाइपाला तर नाहीच. प्लास्टिकच्या खुंट्या मारून ती दोन-तीन इंच दूर ठेवायची. पाइपाच्या टोकाशी बूस्टर, खाली त्याचा सप्लाय. इतकं करून जे चित्र यायचं त्यात मुंग्या असायच्याच. पण त्या मुंग्यांमधून बातम्या देणारा माणूस ओळखू यायचा, चिमणरावांचा चेहरा ओळखू यायचा, आणि आवाज स्वच्छ यायचा. आवाज एफएमवर असतो, त्यामुळे चित्र खराब झालं तरी तो बराच वेळ तग धरतो. लोक त्यावर समाधानी असत.

या कामातली एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. कधीकधी पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच फिकट आकृती दिसायची. लोक त्याला भूत म्हणत. ते डोंगराचं काम. सिग्नल सरळ आला तो आधी पोचला. तोच सिग्नल बाजूच्या कड्यावर आपटून वळसा घेऊन आला तो जरा उशिरा पोचला. दूरदर्शनच्या चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातला दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तीन किलोमीटरचा जादा वळसा पडला की दहा मायक्रोसेकंद उशीर होतो, आणि भूत पडद्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतकं उजवीकडे सरकतं. हे गणित मला आयटीआयच्या एका सरांनी शिकवलं. मग मी पडद्याला पट्टी लावून भुताचं अंतर मोजायचो, वळसा किती ते काढायचो आणि छपरावर उभं राहून कुठला कडा त्या हिशोबात बसतो ते बघायचो. एकदा तो सापडला की अँटेनाचं तोंड अशा बेताने फिरवायचं की तो कडा तिच्या बहिऱ्या बाजूला यावा. खऱ्या केंद्राचा सिग्नल थोडा कमी झाला तरी चालेल, पण भूत जायला हवं. मी एक वही ठेवली होती. कोणत्या आळीत किती फूट पाइप, कोणत्या दिशेला तोंड, कुठला डोंगर आडवा येतो, हे तिच्यात लिहायचो. साताऱ्याचा भूगोल मी शाळेपेक्षा त्या वहीत जास्त शिकलो.

आता १९८२ पासूनचा काळ. त्या वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि टीव्ही रंगीत झाला. देशभर एकच कार्यक्रम पोचवायचा तर उपग्रह हवा. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र नीट चालला, आणि सगळं चित्र पालटलं. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावर चढवायचा, गावोगावी जाळीच्या मोठ्या डिशने तो उतरवायचा आणि १०० वॉटच्या लहान ट्रान्समीटरने पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत पसरवायचा. या केंद्रांना सगळे एलपीटी म्हणत. १९८४ मध्ये काही महिने सरासरी दिवसाला एक ट्रान्समीटर या वेगाने ती उभी राहिली. वर्षाच्या सुरुवातीला देशात पन्नासच्या आत ट्रान्समीटर होते. वर्षअखेर ते दीडशेच्या पुढे गेले. पुढे ही संख्या चौदाशेच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या देशात इतक्या कमी वेळात, बहुतांश आपल्याच कारखान्यांत बनलेली यंत्रं लावून हे काम झालं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्समीटर कितीतरी गावांत होते. धरणं आणि एसटीच्या जाळ्याबरोबर या कामाचं नाव घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या लाटेत साताऱ्यालाही अजिंक्यताऱ्यावरून चित्र आलं. गावाच्या डोक्यावरच टॉवर, त्यामुळे सिग्नल इतका सणसणीत की काही घरांत बूस्टर काढून टाकावा लागला. ठेवला तर चित्र फाटायचं. पूर्वेला कृष्णाकाठच्या सपाटीतही आठ-दहा फुटांच्या पाइपावर काम भागू लागलं. पण यात एक मोठा पेच होता. एलपीटी उपग्रहावरून दिल्ली घ्यायची. सिंहगड मुंबई द्यायचा. म्हणजे अजिंक्यताऱ्यावरचं स्वच्छ चित्र हिंदी आणि इंग्रजी, आणि ऐंशी किलोमीटरवरचं मुंग्यांचं चित्र मराठी. ‘हम लोग’ बघायला अजिंक्यतारा, आणि ‘आमची माती आमची माणसं’ बघायला सिंहगड. ऊस आणि हळद लावणारे शेतकरी मला सांगत, दिल्लीचं असू दे, पण मुंबई गेली नाही पाहिजे. तेव्हा एकाच पाइपावर दोन अँटेना चढल्या. वर सिंहगडाकडे तोंड केलेली लांबडी, तिच्याखाली अजिंक्यताऱ्याकडे वळवलेली आखूड. खाली खोलीत एक बटण: इकडे दिल्ली, तिकडे मुंबई. मराठी कार्यक्रम उपग्रहावरून लहान केंद्रांना मिळू लागले तेव्हा कुठे वरची अँटेना उतरली. मराठी माणसाने मराठी कार्यक्रमासाठी चाळीस फूट पाइप उभा केला होता, हे टीव्हीच्या इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

डोंगराआडच्या वाड्यांना यातलं काही मिळालं नाही. जावळीच्या खोऱ्यातले, उरमोडीच्या वरच्या अंगाचे लोक दुकानात यायचे आणि विचारायचे, आमच्याकडे येईल का? मी पोर्टेबल संच आणि अँटेना घेऊन जायचो, माळावर चढायचो, चित्र दिसायचं. वाडीत उतरलो की जायचं. काही ठिकाणी लोकांनी वरच्या टेपावर अँटेना लावली आणि दोन-तीनशे मीटर वायर खाली आणली, मध्ये बूस्टर टाकले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा अशा वायरींचं पेवच फुटलं. रविवारी सकाळी सगळी वाडी एका ओट्यावर जमायची. टेपावर गुरं गेली आणि वायर तुटली तर एक पोरगा पळत वर जायचा.

मोठ्या केंद्रांच्या आत एकदा डोकावलं की या कामातली काळजी कळते. माझा एक स्नेही मोठ्या शक्तीच्या, म्हणजे दहा किलोवॉटच्या केंद्रावर तंत्रज्ञ होता. त्याच्यामुळे मला ट्रान्समीटरची खोली आतून बघायला मिळाली. ट्रान्समीटरपासून टॉवरच्या टोकापर्यंत मनगटाएवढी जाड तांब्याची नळी जाते, तिला फीडर म्हणतात. तिच्या पोटात हवा असते आणि ती कोरडी असावी लागते. ओल धरली की आत ठिणगी पडते आणि फीडर जळतो. म्हणून एक लहान पंप कोरडी हवा आत भरत राहतो. ती हवा आधी सिलिका जेलच्या दाण्यांतून जाते. दाणे कोरडे असले की निळे, ओल खाल्ली की गुलाबी. पावसाळ्यात ड्युटीवर आल्याबरोबर माझा स्नेही आधी त्या काचेच्या बाटलीकडे बघायचा आणि मग मीटरकडे. मीटर दोन: किती शक्ती वर जाते आणि किती परत येते. परत येणारा काटा जरा हलला तरी वर कुठेतरी पाणी शिरलंय असं समजायचं आणि उघडीप बघून टॉवरवर माणूस चढवायचा. दर तासाला हे आकडे लॉगबुकात लिहायचे. शेजारी डिझेल जनरेटर, कारण वीज गेली म्हणून प्रक्षेपण थांबवण्याची मुभा नव्हती. गावात अंधार असायचा, घराघरातले टीव्ही बंद असायचे, तरी टॉवर चालू ठेवायचा. कोणाकडे बॅटरीवर चालणारा संच असेल, त्याला चित्र मिळालं पाहिजे, असं तो म्हणायचा. सार्वजनिक सेवा कशाला म्हणतात हे मला त्या खोलीत समजलं.

१९९१ नंतर छपरं बदलायला लागली. जानेवारीत आखाती युद्ध झालं, मोठ्या शहरांत लोकांनी डिशवर सीएनएन पाहिलं. त्याच वर्षी स्टार आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. गल्लीत केबलवाला आला आणि आळीच्या आळ्यांनी अँटेना उतरवल्या. आम्ही बसवलेल्या अँटेना भंगारात किलोवर गेल्या. माझ्या धंद्यातले बरेच जण केबलच्या कामात शिरले. मीही घरोघरी काळी केबल ओढली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली, तिला २००० साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. केबलवाल्यांनी दूरदर्शन दाखवलंच पाहिजे असा कायदा १९९५ मध्ये झाला. म्हणजे दूरदर्शन घरात होतंच, फक्त हवेतून येत नव्हतं. गडावरचा टॉवर रोज प्रक्षेपण करत होता आणि शहरात ते घेणारी काडी शिल्लक राहिली नव्हती. केबल आणि खासगी डिशचे महिन्याचे पैसे ज्यांना झेपत नव्हते, ती घरं तेवढी अँटेनावर राहिली.

त्या घरांसाठी डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननेच डीटीएच सेवा काढली, ३३ वाहिन्यांची. तेव्हाचं नाव डीडी डायरेक्ट प्लस. आता सगळे तिला फ्री डिश म्हणतात. एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च केला की महिन्याचा पैसा नाही. माझ्या दृष्टीने आपलं खरं डिजिटल स्थित्यंतर ते हेच, कारण हवेतून फुकट मिळणारं ॲनालॉग चित्र सोडून लोक आकाशातून फुकट मिळणाऱ्या डिजिटल चित्राकडे गेले. ब्रिटनमध्ये २००७ साली व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात करून २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्याने तेच टॉवर डिजिटल केले गेले, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरी माणूस पाठवून मदत दिली गेली. अमेरिकेत सरकारने जुन्या संचाला जोडायच्या बॉक्ससाठी ४० डॉलरची कुपनं वाटली. तिथे छपरावरची अँटेना बहुतेक ठिकाणी तीच राहिली. आपल्याकडे अँटेनाच गेली आणि डिश आली.

अँटेना जाऊन डिश येणं म्हणजे काय, ते छपरावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सिंहगडासाठी मी क्षितिजाकडे बघायचो, उत्तरेला. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. साताऱ्याहून तो आग्नेयेला, जमिनीपासून जवळपास ६० अंश वर येतो. इतक्या उंचीवर मधे येणारा डोंगर साताऱ्याच्या खोऱ्यांतही सहसा नसतो. ज्या वाड्यांवरून मी माळ उतरून हात हलवत परतलो होतो, तिथेच अंगणात साठ सेंटीमीटरची डिश लावली आणि पहिल्यांदा शहरासारखं चित्र आलं. भूत नाही, मुंगी नाही. एका आजींनी डिशच्या खांबाला हळदकुंकू लावलं. डोंगराच्या सावलीतली माणसं त्या दिवशी बरोबरीला आली, आणि हे श्रेय दूरदर्शनच्या पदरात निःसंकोच टाकलं पाहिजे. देशाच्या दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत आठ लाखांवर बॉक्स मोफत देण्याची योजना केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केली, तीही याच दिशेची.

पण डिशला स्वतःचे शत्रू आहेत. ती ज्या लहरींवर चालते त्या पावसात क्षीण होतात. जुलैत कास-महाबळेश्वराकडून पाऊस एकदा कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात आणि मग निळा पडदा येतो. जुन्या अँटेनाच्या लहरींना पाऊस जाणवतही नसे. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही दिवस दिवसा थोडा वेळ चित्र जातं. आणि डिजिटलचा स्वभावच वेगळा. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडायचं, माणूस मुंग्यांतूनही कार्यक्रम बघायचा. डिजिटल पुरेसा सिग्नल मिळाला तर निर्मळ, त्याच्या जरा खाली गेला तर काहीच नाही. ज्या पावसात बातम्या ऐकायची सर्वांत जास्त गरज, त्याच पावसात डिश गप्प होते.

म्हणून जमिनीवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचा विषय मला महत्त्वाचा वाटतो. दूरदर्शनने तोही प्रयत्न केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ या पद्धतीचं प्रक्षेपण १६ शहरांत सुरू झालं. त्यात आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद होती. ॲनालॉगमध्ये एका चॅनलच्या जागेत एक वाहिनी मावते, या पद्धतीत तेवढ्याच जागेत अनेक मावतात. आणि भुताचा तर तिने निकालच लावला. लहरीवर चढवलेल्या प्रत्येक तुकड्याआधी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. डोंगरावरून वळसा घेऊन उशिरा आलेली लहर त्या वेळात आली तर ती नुकसान करत नाही. जे भूत हटवायला मी दुपारच्या दुपारी छपरावर घालवल्या, ते या पद्धतीने गणितातच सोडवलं आहे. पण हे प्रक्षेपण घ्यायला टीव्हीत वेगळा ट्यूनर हवा, नाहीतर फोनला डोंगल हवं. आपल्या बाजारात ते रुजलं नाही. प्रेक्षक तोवर केबल, डिश आणि मोबाइलवर गेलेला होता. दूरसंचार नियामकाने २०१७ मध्ये ॲनालॉग बंद करायला डिसेंबर २०२३ ही शेवटची मुदत सुचवली होती. प्रत्यक्षात टॉवर त्याआधीच थांबत गेले.

ॲनालॉग थांबवणं योग्यच होतं, असं मी मानतो. सुटे भाग मिळत नव्हते, वीज आणि माणसं लागत होती, लहरींचा पट्टा अडून होता, आणि बघणारे मोजके उरले होते. बंद झालेल्या यंत्रासाठी मी गळा काढत नाही. पण यंत्राबरोबर आणखी दोन गोष्टी जाऊ नयेत असं मला कळकळीने वाटतं: जागा आणि माहिती.

त्याचं कारण पुढचं तंत्रज्ञान. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही पोचवण्याच्या पद्धतीवर प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर काम करत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने १९ शहरांत चाचणी घेण्याचा मनोदय सांगितला, त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखण्याची भाषा केली. हे प्रक्षेपण पुन्हा टॉवरवरूनच होणार आहे. आणि इथे अँटेनावाल्याचा अनुभव कामाचा आहे. लहर जितकी आखूड, तितकी ती डोंगराला कमी वळसा घालते आणि तितकी सावली गडद पडते. १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिथे मुंग्यांचं का होईना चित्र यायचं, तिथे ५०० मेगाहर्ट्झवर काही येणार नाही. त्यात मोबाइलला चाळीस फुटांचा पाइप लावता येत नाही; तो घरात, खिशात असतो. म्हणजे साताऱ्यासारख्या मुलखात एका मोठ्या टॉवरवर भागायचं नाही, जागोजागी लहान टॉवर लागतील. ॲनालॉगमध्ये शेजारच्या दोन केंद्रांना एकच चॅनल देता येत नसे, चित्र एकमेकांत घुसायचं. डिजिटलमध्ये अनेक लहान टॉवर एकाच चॅनलवर, एकाच ठेक्यात चालवता येतात आणि एकमेकांना हातभार लावतात. लहान शक्तीच्या, तालुक्यातालुक्याच्या टॉवरांचं जे जाळं १९८४ पासून उभं राहिलं, त्याच्याच धर्तीचं जाळं पुन्हा लागणार आहे.

त्या केंद्रांच्या कपाटांत सर्वेक्षणाच्या वह्या असतात. जीपवर मोजणीची अँटेना उभी करून, गावोगाव थांबून, कुठे किती सिग्नल मिळतो ते अभियंत्यांनी मोजून लिहिलेलं असतं. लॉगबुकांत त्या त्या जागेची वीज, वादळ, पाऊस यांची वर्षानुवर्षांची हकिकत असते. हे कागद रद्दीत घालण्याआधी जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि आयटीआयने मागून घ्यावेत, त्यांची छायाचित्रं काढावीत, नव्या नकाशांशी ताडून बघावेत. जुने तंत्रज्ञ आणि अँटेनावाले अजून हयात आहेत; विद्यार्थ्यांनी त्यांना बोलतं करावं. टॉवर आणि त्याखालची जागा दुसऱ्या कामाला देताना, प्रक्षेपणाला लागेल तेवढी राखून ठेवावी. एकदा हातची गेली की गडावर, डोंगरमाथ्यावर अशी जागा, रस्ता आणि वीज पुन्हा मिळवायला वर्षं जातील.

माझ्याकडची वही मी साताऱ्यातल्या दोन तरुण मुलांना दिली आहे. ती दोघं ड्रोनने काढलेल्या उंचीच्या नकाशावर तिच्यातल्या नोंदी चढवत आहेत. कोणत्या वाडीला कुठला डोंगर आडवा येतो, हे त्यात आळीगणिक लिहिलेलं आहे. पुढचा ट्रान्समीटर लावायला येणाऱ्या अभियंत्याने साताऱ्यात आल्यावर आधी त्यांना भेटावं.